तिसऱ्या गटाचं लांबलचक वाक्य

त्या रविवारी दुपारी निवृत्त मास्तर ओगाता सेन्सेई आणि त्यांची मुलगी चिगुसा यांनी मिळून नऊ संत्री संपवली, आणि त्यातली सहा सेन्सेईंनी खाल्ली. नोव्हेंबर होता. तोमोरी बेटावर नोव्हेंबरात संत्र्यांखेरीज दुसरं काही घडत नाही. ज्याच्या बागेत ती पिकतात तो शेजाऱ्याच्या फाटकाला पिशवी अडकवून जातो, शेजारी ती पुढच्याच्या फाटकाला अडकवतो, आणि आठवड्याभराने तीच पिशवी, दोन संत्री कमी होऊन, पहिल्याच्या फाटकावर परत येते. बेटाचं समाजजीवन म्हणतात ते हेच.

कोतात्सूच्या, म्हणजे खाली शेगडी असलेल्या, बुटक्या मेजावरून दुलई खाली सोडली होती आणि तिच्या उबेत दोघांचे पाय झोपी गेले होते. खिडकीतला समुद्र इतका निपचित होता, की बोट चालली आहे की कुणी ती काचेवर चिकटवली आहे, हे नीट बघितल्याशिवाय कळत नव्हतं. अशा दुपारी माणूस काही बोलला तर ते शब्द खोलीत थोडा वेळ तरंगतात आणि मग संत्र्यांच्या सालींवर अलगद बसतात.

सेन्सेईंच्या पुढ्यात फिरती पाटी होती. वस्ती मंडळाच्या सूचना एका पुठ्ठ्याच्या पाटीला चिमट्याने लावलेल्या असतात. पहिल्या घराने त्या वाचायच्या, आपल्या चौकोनात शिक्का मारायचा आणि पाटी दुसऱ्याच्या फाटकाला लटकवायची, दुसऱ्याने तिसऱ्याच्या. घरोघर टेलिफोन आले, मोबाइल आले, पण पाटी काही थांबली नाही, कारण मोबाइलवर शिक्का मारता येत नाही. यंदा तिसऱ्या गटाचे, म्हणजे चढणीवरच्या चौदा घरांचे, गटप्रमुख सेन्सेई होते.

या पाटीवर, सगळ्या सूचनांच्या मागे, सेन्सेईंचा स्वतःचा एक रेघांचा कागद असे. अडतीस वर्षं बेटाच्या शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झाल्यावर त्यांनी म्हाताऱ्यांसाठी गुरुवारचा वर्ग काढला. वर्गाला जिने फार, म्हणून विद्यार्थी गळाले. तेव्हा सेन्सेईंनी वर्गच पाटीवर चढवून घरोघर पाठवला. नियम सोपे होते. प्रत्येक घराने इंग्रजीत एखादी घडून गेलेली गोष्ट लिहायची, भूतकाळात. तिच्या शेपटीला अँड, बट, ऑर किंवा सो, यातला एक सांधा लावायचा आणि पाटी पुढे द्यायची. त्या सांध्याला धरून पुढच्या घराने आपलं लिहायचं. पूर्णविराम द्यायचा अधिकार कुणालाच नाही. पाटी चक्कर मारून घरी आली, की तो सेन्सेई देणार, लाल पेन्सिलीने.

“बाबा, अजून हौस फिटली नाही तुमची?” चिगुसा म्हणाली. “आणि सगळं भूतकाळातच का?”

“आमच्या गटाचं सरासरी वय एकोणऐंशी आहे,” सेन्सेई म्हणाले. “भविष्यकाळाला मागणी नाही. वर्तमानकाळात गुडघे दुखतात. राहिला भूतकाळ, तो मुबलक आहे.”

“आणि चुका?”

“त्याही मुबलक. आपल्या भाषेत कसं, माणूस उठून, तोंड धुऊन, चहा पिऊन, दार ओढून असा सुटतो, आणि हे सगळं झालं की व्हायचंय हे शेवटचं क्रियापद येईपर्यंत लपवता येतं. सगळे इंग्रजीतही तसंच लपवायला बघतात. पण तिथे चालत नाही. तिथे प्रत्येक तुकड्याने आपापल्या पायांवर उभं राहून कबूल करायचं, की हो, मी झालो.” त्यांनी दहावं संत्रं हातात घेतलं, त्याच्याकडे बघितलं आणि परत ठेवलं. “तूही एक जोड. आज या घरात माणसं दोन आहेत.”

चिगुसा ओसाकात एका प्रकाशनगृहात बावीस वर्षं मुद्रितं तपासत होती. दुसऱ्यांची वाक्यं हा तिचा पोटापाण्याचा धंदा होता, आणि रविवारी तिला वाक्याचं तोंडही बघवत नसे.

“बाबा, माझी दोन पन्नासची बोट आहे. ती चुकली की एकदम साडेपाचची. मग पुढे गाडी मिळत नाही.”

“हो का,” सेन्सेई म्हणाले. “मग निघ.”

ती बूट चढवत होती तेव्हा त्यांनी कागदावर भराभर काहीतरी लिहिलं, चौकोनात शिक्का मारला आणि पाटी काखेत घेऊन फाटकापर्यंत आले. पायऱ्या उतरून वळणावर आल्यावर चिगुसाने मागे बघितलं. सेन्सेई शेजारच्या हामाओकासानच्या फाटकाला पाटी लटकवत होते. ती जराशी तिरकी झाली होती. त्यांनी ती सरळ केली, दोन पावलं मागे जाऊन बघितलं, आणि पुन्हा सरळ केली.

मंगळवारी सकाळी हामाओकासान मुळ्याचं लोणचं द्यायला गेल्या, तेव्हा सेन्सेई कोतात्सूशी बसलेले होते. चहा गार झाला होता.

अंत्यविधी झाले. चिगुसाने रजा आणि मुद्रितांचा गठ्ठा दोन्ही घेतलं आणि एकोणपन्नासाव्या दिवसापर्यंत बेटावर राहायचं ठरवलं. त्या दिवशी अस्थी कबरीत जाणार, मग घराला कुलूप. माणसं येत होती, वाकत होती, जात होती. तिच्या हातून सगळं नीट पार पडत होतं, आणि आपण हे सगळं काचेपलीकडून बघतो आहोत असं तिला वाटत होतं.

दहाव्या दिवशी मुद्रितं तपासताना तिच्या लक्षात आलं, की बाबांनी आयुष्यात शेवटचं जे लिहिलं ते त्या पाटीवर होतं, आणि ती बूट घालत होती म्हणून तिने ते वाचलं नव्हतं. आता एवढा एकच कागद हवा होता. अस्थी जायच्या आत तो वाचायचा आणि बाबांच्या फोटोपुढे ठेवायचा. चौदा घरांच्या वस्तीत एक कागद शोधायला कितीसा वेळ लागणार? ती छत्रीसुद्धा न घेता बाहेर पडली.

“अगं, पाटी मी सोमवारीच पुढे दिली,” हामाओकासान म्हणाल्या. त्या मुळा चिरत होत्या. चिगुसाने त्यांना मुळा न चिरताना कधी पाहिलं नव्हतं. “वाचलं तर मी. पण माझं इंग्रजी तुला माहितीये. तुझ्याबद्दल होतं काहीतरी.”

“माझ्याबद्दल? काय?”

“बिझी होतं त्यात. तो शब्द मला येतो, आमचा जावई सारखा म्हणतो. चिगुसाचान, तू बारीक झालीस हं. ओसाकात एकटीने काय जेवतेस? लोणचं ने.”

चिगुसा लोणचं घेऊन घरी आली. बिझी. म्हणजे बाबांनी जाता जाता तक्रार केली होती, ती सुद्धा इंग्रजीत, चौदा घरांपुढे, आणि ती तक्रार आता घरोघरचे शिक्के खात वस्तीत फिरत होती. मुद्रितशोधनाच्या धंद्यात तिने अनेक लेखकांची अब्रू शेवटच्या क्षणी वाचवली होती. स्वतःच्या अब्रूचा कागद मात्र कुठल्या फाटकावर आहे हे तिला ठाऊक नव्हतं. आणि तक्रार खोटी असती तर एक वेळ चाललं असतं.

तिसऱ्या घराने सांगितलं, पाटी पुढे दिली. चौथं घर मंडळाचे अध्यक्ष निशिनासान यांचं. ते बंदर कचेरीतून निवृत्त झाले होते, म्हणजे कचेरी सुटली होती, निवृत्ती अजून आली नव्हती.

“ओगातासान, एक स्पष्ट करतो,” ते म्हणाले. “तुमच्या दुःखात मी सहभागी आहेच. पण पाटी मंडळाची. तिच्यावरचा कागदही मंडळाचा. चौदाही चौकोन भरल्याशिवाय पाटीवरचं काहीही काढता येत नाही. नियम सात.”

“मला फक्त वाचायचाय.”

“वाचायला तुमची पाळी येऊन गेली. पहिलं घर. दुसऱ्यांदा वाचण्यासाठी अर्ज करा. नमुना माझ्याकडे आहे.” त्यांनी तो लगेच काढला, जणू ते याच क्षणासाठी जगत होते. “खाली गटप्रमुखाची सही आणि शिक्का.”

“गटप्रमुख बाबा होते.”

 निशिनासानच्या चेहऱ्यावर खरंखुरं दुःख उमटलं. ते नमुन्यातल्या रिकाम्या जागेसाठीही असू शकेल. मग ते हळूच म्हणाले, “पण पद माणसाचं नसतं. घराचं असतं. मार्चअखेरपर्यंत गटप्रमुख तुम्हीच.”

“बरं. मग मी सही करते.”

“थांबा. तुमच्या नेमणुकीची सूचना आधी गटात फिरायला हवी.”

“कशी फिरते ती?”

“पाटीवरून,” निशिनासान म्हणाले, आणि त्यांनी नमुना परत आवरून ठेवला.

अखेर मंडळाने दुसरी पाटी काढली. तिच्यावर सूचना: ओगाता चिगुसा यांची गटप्रमुख म्हणून नेमणूक झाली आहे, आणि पहिली पाटी ज्यांच्याकडे असेल त्यांनी ती कृपया पुढे द्यावी. हामाओकासानने सुचवलं, की ही पाटी उलटी सोडावी, चौदाव्या घराकडून. “म्हणजे दोघींची वाटेत गाठ पडेल,” त्या म्हणाल्या, जणू दोन बहिणींना स्टेशनावर आणायला जायचं होतं.

दरम्यान चिगुसा गटप्रमुख झाली होती, ते पद आता मागे लागलं. मंगळवार-शुक्रवारी कावळ्यांपासून वाचवायला कचऱ्यावर जाळी पसरणं हे गटप्रमुखाचं काम. पहिल्या मंगळवारी तिने जाळी उलटी पसरली. उलटी जाळी म्हणजे काय हे तिला आजही समजलेलं नाही, पण तीन घरांनी येऊन ते समजावून दिलं आणि कावळ्यांना ते कुणीही न सांगता समजलं होतं. एका फाटलेल्या पिशवीतून लोणच्याच्या मुळ्याचे तुकडे चढणभर पसरले. हामाओकासानने ते झाडून काढायला मदत केली आणि लोणचं कुणाकडचं हे विचारलं नाही.

तेराव्या घरापासून दहाव्यापर्यंत तिने फिरून चौकशी केली. दुसरी पाटी सगळ्यांना मिळाली होती. सगळ्यांनी शिक्का मारला होता. आणि सेन्सेईंचा कागद नसला तरी सवयीने प्रत्येकाने सूचनेच्या मागे इंग्रजीत एक वाक्यही लिहिलं होतं. त्यांनी ते तिला तोंडी ऐकवलं. मला पाटी मिळाली आणि मी ती पुढे दिली, सो. सो मलाही मिळाली आणि मीही दिली, अँड. चार घरांचे चार जबाब, सगळे भूतकाळात, एकमेकांना सांधलेले. इतकी निर्दोष माणसं एका चढणीवर राहत असतील असं तिला वाटलं नव्हतं. तिने पाचव्यापासून आठव्यापर्यंतही विचारलं. पहिली पाटी त्यांनाही मिळाली होती. त्यांनीही ती दिली होती.

चौदावं घर कुवाबारासानचं. चाळीस वर्षं ते बोटीवर होते, धक्क्यावर फळी टाकायचं आणि उचलायचं काम करत. आता ते ओट्यावर बसून बोटी मोजत. ते काहीही लिहोत, त्यांचा सांधा ठरलेला असे: बट. हामाओकासान कायम सो ठेवत, झालं ना, मग पुढे काय ते बोला. तिसऱ्या घरचे इशिझुए आजोबा मुद्दाम ऑर ठेवत, कारण झालेल्या गोष्टीला ‘किंवा’ लावला की पुढचा माणूस दिवसभर घाम पुसत बसतो, आणि पुढचे नेमके निशिनासान होते. पण कुवाबारासानचा बट हा नुसता स्वभाव होता.

“पाटी बेटावरच आहे,” त्यांनी तिला धीर दिला. “बोटीने गेली असती तर मी बघितली असती.”

“तुम्ही दर वेळी ‘बट’च का ठेवता हो?”

कुवाबारासानने दोन पन्नासची बोट जाऊ दिली आणि मग उत्तर दिलं. “माणसं धक्क्यावर अर्धा अर्धा तास बोलत उभी राहतात. हवा, तब्येत, संत्री. खरं काय ते फळी उचलल्यावर ओरडून सांगतात. मी ऐकलंय सगळं. ऐकू जात नाही पलीकडे.”

चिगुसा उठली. तिला खाली घरी जायचं होतं आणि ती चुकून वरच्या दिशेने चालू लागली. त्या दिवसांत असं व्हायचं. पाय एकीकडे जात आणि ती दुसरीकडे.

नव्या वर्षाचा पहिला दिवस आला आणि कुणालाही शुभेच्छा न देता गेला. सुतक असलेल्या घरात तो तसाच जातो. पाच दिवस उरले होते. चिगुसा बाबांचा खण आवरत होती. लाल पेन्सिली, सगळ्या एकाच उंचीच्या; रबराच्या कड्या; आणि एका डबीत लाकडी शिक्का. तिने तो कागदावर उमटवला. ओगाता नव्हतं. तोकुनागा असं आलं.

“तोकुनागासान म्हणजे निळ्या कौलांच्या,” हामाओकासान म्हणाल्या. “नववं घर. मुलाकडे गेल्या हिरोशिमाला. चार वर्षं झाली की.”

“मग यादीत नाव कसं?”

“काढायचं तर त्यांचाच शिक्का लागतो. आणि बरं दिसतं का, माणूस जिवंत असताना नाव काढणं?”

“मग नवव्या चौकोनात शिक्का कोण मारतं?”

“तोकुनागासान.”

“त्या हिरोशिमात आहेत.”

“हो.”

हामाओकासानची सुरी मुळ्यावर थांबली. चिगुसाच्या आठवणीत हे प्रथमच घडत होतं.

“हे बघ,” त्या सावकाश म्हणाल्या. “आठव्या घराने पाटी नवव्याच्या फाटकाला लटकवायची. ते लटकवतात. दुसऱ्या दिवशी पाटी दहाव्याकडे असते. शिक्क्यासकट. इंग्रजीही छान असतं तोकुनागासानचं. आम्ही म्हणायचो, सगळ्यांत छान त्यांचंच. नियमाने चाललं की होतं सगळं आपोआप, असं आम्हाला वाटायचं... अगं बाई.”

चिगुसा तोवर फाटकाबाहेर पडली होती.

निळ्या कौलांचं घर चढणीच्या आडबाजूला होतं, कामेलियाच्या कुंपणाआड. फुलं झाडावरून आख्खीच गळून पडतात, तशी पायऱ्यांवर पडली होती, कुणी मांडून ठेवल्यासारखी. फाटकाच्या कडीला पहिली पाटी लटकत होती, आणि तिच्या गळ्यात गळा घालून दुसरी. खालून आलेली आठव्या घराने अडकवली होती, वरून आलेली दहाव्याने. दोघींची गाठ खरोखरच वाटेत पडली होती, आणि पंधरा दिवस त्या एकमेकींना टेकून समुद्र बघत होत्या. चिगुसा कितीदा तरी याच्या पन्नास पावलांवरून गेली होती. हे सगळं पुढे नेणारं माणूसच तेवढं आता नव्हतं. चार वर्षं चढण चढून, रिकाम्या घराच्या वतीने एक वाक्य लिहून, शिक्का मारून बाबा पाटी दहाव्याच्या फाटकाला लावत होते. सरळ करून, मागे जाऊन बघून.

ती फुलं बाजूला सारून पायरीवर बसली.

पहिल्या पाटीवर सगळ्यांत वर बोटींचं हिवाळी वेळापत्रक होतं, नोव्हेंबरापासून लागू. दोन पन्नास. तीन पन्नास. साडेपाच. खाली पहिल्या चौकोनात ओगाता, रेषेला समांतर, शाई जराही न फासता. त्या रविवारी शिक्का मारायच्या आधी बाबांनी हे वाचलं होतं. वाचल्याशिवाय शिक्का मारणाऱ्यातले ते नव्हते.

तीन पन्नासची बोट तिलाही ठाऊक होती. कितीदा तरी ती त्याच बोटीने गेली होती. त्या रविवारी तिला काही काम नव्हतं. फक्त एकटीने गाडीच्या खिडकीशी बसून पुस्तक वाचायचं होतं.

मग तिने मागचा कागद काढला. बाबांचं अक्षर. इंग्रजी साधं, शाळेतलं. माझी मुलगी फार बिझी होती, पण ती आली, आणि.

एवढंच. बराच वेळ ती त्याच्या पुढे गेली नाही. खाली समुद्रावर धुकं होतं आणि एक बोट धुक्याच्या आत कुठेतरी होती, दिसत नव्हती, नुसता तिचा आवाज हळूहळू सरकत होता.

आणि तिने आमचं लोणचं नेलं नाही, सो, असं हामाओकासानने लिहिलं होतं. सो ते मी खाल्लं आणि माझं पोट दुखलं, ऑर, असं इशिझुए आजोबांनी. ऑर ते दुखलं नाही, अँड: निशिनासान, आकड्यांसारख्या अक्षरांत. चिगुसा हसली, आणि हसू आलं याचं तिला आश्चर्य वाटलं. इथून पुढची अक्षरं बाबा गेल्यानंतरची होती. सूचनेच्या कागदावर शोक करायची रीत नाही, म्हणून चार घरांनी नुसता भूतकाळ लिहिला होता. आणि ती लहानपणी फार पळायची, आणि. आणि ती पाच वर्षांची असताना धक्क्यावरून पाण्यात पडली, सो. सो सेन्सेईंनी बुटांसकट उडी मारली, बट. आठव्या घराने लिहिलं होतं: बट त्यांना पोहता येत नव्हतं, सो.

पाण्यात पडलेलं तिला आठवत होतं. हिरवा अंधार, मग ऊन, मग कुणाची तरी काख. बाबांना पोहता येत नव्हतं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. एवढ्या वर्षांत बाबांनीही नाही.

पुढची ओळ कोरी होती. नववं घर.

क्रियापदं चुकली होती, दोन ठिकाणी काळ सुटला होता, एका जागी समुद्राला दोन स्पेलिंगं होती. लाल पेन्सिल तिच्या खिशात होती आणि तिथेच राहिली. तिने निळ्या शाईने, तोकुनागासानच्या नावाने लिहिलं: सो त्यांनी तिला घट्ट धरलं, अँड. मग खिशातल्या डबीतला शिक्का मारला. तो तिरका आला. दोन्ही पाट्या दोन काखांत घेऊन ती उठली. दुसरी खाली आठव्याला दिली, पहिली वर नेऊन दहाव्याच्या फाटकाला लटकवली, सरळ केली, दोन पावलं मागे गेली, आणि पुन्हा सरळ केली.

पुढच्या चार दिवसांत वस्तीने जो वेग दाखवला तो मंडळाच्या इतिहासात नोंदवावा असा होता. एका घराने तर पाटी जेवणाच्या ताटावरून उठून पुढे पोचवली.

एकोणपन्नासाव्या दिवशी दुपारी सगळा तिसरा गट खोलीत गुडघे मुडपून बसला होता. भिक्षूंचं पठण झालं होतं, ते चहा घेत होते. बाबांचा फोटो, पांढऱ्या कापडातल्या अस्थी, आणि त्यांच्यापुढे संत्र्यांच्या बारा पिशव्या, कारण प्रत्येकाने आणली होती आणि परत न्यायची कुणाचीच तयारी नव्हती. कुवाबारासान शेवटी आले. त्यांनी पाटी तिच्या हातात दिली.

“चौदा चौकोन,” निशिनासान म्हणाले. त्यांचे पाय मुंग्यांनी केव्हाच गेले होते, पण आवाज शाबूत होता. “पूर्ण. ओगातासान, गटप्रमुख या नात्याने आता आपण तो पूर्णविराम द्यायचा. म्हणजे फाइल बंद करता येईल.”

“तुम्हाला फाइलीचंच पडलंय,” हामाओकासान म्हणाल्या. “वाच गं, आधी सगळं वाच. मला माझं ऐकायचंय.”

चिगुसाने वाचलं, पहिल्यापासून, मोठ्याने. लोणच्याला हामाओकासानने मान डोलावली. पोटदुखीला इशिझुए आजोबा स्वतःच हसले. धक्का, पाणी, बूट, पोहणं. सो त्यांनी तिला घट्ट धरलं, अँड. इथे एक बाई शेजारणीला म्हणाली, “तोकुनागासानचं काय सुंदर असतं नाही?” आणि शेजारणीने तिला कोपराने ढोसलं. आणि दोघंही बुडत होते, सो. सो आम्ही सगळे ओरडलो, अँड. आणि बोट थांबली, अँड. आणि ती त्यांच्याकडे वळली, अँड. दहावं, अकरावं, बारावं, तेरावं. शेवटी कुवाबारासानचं, खडबडीत अक्षरात: आणि मी आकडीचा बांबू टाकून दोघांना ओढलं, आणि सेन्सेई मला दर नव्या वर्षाला थँक यू म्हणाले, बट.

ती थांबली. सगळे तिच्या हातातल्या पेन्सिलीकडे बघत होते. खिडकीत दोन पन्नासची बोट धक्क्यापासून सुटली होती आणि चालली आहे की चिकटवली आहे हे कळत नव्हतं. कुवाबारासानने घड्याळ बघितलं नाही. त्यांना वेळापत्रक पाठ होतं. खरं तर खोलीतल्या प्रत्येकालाच ते पाठ होतं, प्रत्येकाने त्याच्यावर शिक्का मारला होता.

पूर्णविराम द्यायचा अधिकार कुणालाच नव्हता, एक माणूस सोडून. तिने पेन्सिल खाली ठेवली आणि फोटोकडे तोंड केलं. ती इंग्रजीत बोलली, बाबांनी शिकवलं तसं, सावकाश, एकेका तुकड्याला आपापल्या पायांवर उभं करत.

“पण पुढची बोट तीन पन्नासला होती, बाबा, आणि ते मला ठाऊक होतं, आणि तरी मी निघाले, आणि”